घरी विलगीकरण की कोविड केंद्र?

ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या खानापूरच्या (जि. बेळगाव) भाच्याने विचारलं, "मामा, पुन्हा साथ आली तर रुग्णाला घरीच ठेवायचं की केंद्रात न्यायचं?" त्याला सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी देशाचं धोरण कसं बदललं ते पाहा. मार्च 2020 मध्ये लागण झालेला प्रत्येक जण रुग्णालयात. एप्रिलअखेर सौम्य रुग्णांना घरी राहण्याची मुभा मिळाली, आणि मे 2020 मध्ये त्याची मुदत लक्षणं दिसल्यापासून 17 दिवस ठरली. जानेवारी 2022 मध्ये चाचणीपासून किमान 7 दिवस, त्यातले शेवटचे 3 तापाविना. मे 2021 च्या लाटेत मात्र कर्नाटकाने खेड्यांतले रुग्ण घरून केंद्रांत हलवायला सुरुवात केली, आणि ते मला पटलं.

कारण जागा. आमच्याकडे दोन खोल्यांत आजी, सून, लेकरं आणि न्हाणीघर एकच. अशा घरात वेगळं राहणं कागदावरच.

खर्च घरी कमी, पण ऑक्सिमीटर हवाच. रक्तातला ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली येतोय हे रुग्णाला जाणवतंच असं नाही. मला सर्वांत भीती याचीच वाटते. केंद्रात ते कुणीतरी मोजतं. घरी आशाताईंवर भार पडतो. जंगलपट्ट्यातल्या वाड्यांवर पावसाळ्यात त्यांनी रोज कसं पोचायचं?

मनाला घर बरं, यात वाद नाही.

म्हणून वेगळी खोली, फोनची रेंज आणि धडधाकट सोबती असेल तर घर. साठीपुढचे, मधुमेही, एका खोलीत राहणारे किंवा दूरच्या वाडीवरचे यांना पहिल्याच दिवशी केंद्रात न्यावं.