धातूच्या रोपणाभोवतीचे सीटी चित्र : दुहेरी ऊर्जा की सॉफ्टवेअरची दुरुस्ती?

कृत्रिम खुबा बसवलेल्या रुग्णाच्या सीटी स्कॅनमध्ये धातूच्या गोळ्यापासून काळेपांढरे पट्टे फुटतात आणि नेमके शेजारचे हाड झाकले जाते. धातू कमी ऊर्जेचे क्ष-किरण आधी शोषून घेतो, शिवाय काही दिशांनी डिटेक्टरपर्यंत जवळजवळ काहीच पोहोचत नाही. या दोन वेगळ्या कारणांवर एकच उपाय सारखा लागू पडत नाही.

दुहेरी ऊर्जेच्या, म्हणजे क्ष-किरणांच्या दोन वेगळ्या ऊर्जांवर घेतलेल्या, स्कॅनमधून १३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासची आभासी एक-ऊर्जा प्रतिमा (एकाच ऊर्जेच्या किरणांनी घेतल्यासारखी, गणिताने बनवलेली) काढली, की पहिल्या कारणाने पडलेले पट्टे बरेच ओसरतात. टायटॅनियमच्या स्क्रूंना एवढे सहसा पुरते; मात्र रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचलेल्या आयोडीनयुक्त द्रवाचा उठाव फिका पडतो, त्यामुळे रक्तवाहिन्या पाहायच्या असतील तर ही प्रतिमा अपुरी ठरते.

कोबाल्ट-क्रोमच्या जाड गोळ्यापुढे हा उपाय थिटा पडतो. तिथे धातूच्या सावलीतील बिघडलेली मोजमापे काढून टाकून शेजारच्या मोजमापांवरून ती जागा भरणारे सॉफ्टवेअर मला अधिक भरवशाचे वाटते, आणि त्याला एकाच ऊर्जेचा नेहमीचा स्कॅनही चालतो. पण भरलेली माहिती हा शेवटी अंदाजच असतो: धातूला लागून खोटी काळी कड उमटू शकते आणि सांधा सैल झाल्याचा भास होतो, म्हणून दुरुस्त प्रतिमा वाचताना मूळ प्रतिमाही शेजारी उघडी ठेवावी लागते.