डिशवॉशर चांगला आहे, पण तो लावणार कोण हे आधी ठरवा

आमच्या नेरुळच्या घरात डिशवॉशर येऊन वर्ष होऊन गेलं. बारा सेटिंगचा, म्हणजे एका वेळी बारा जणांची ताटं-वाट्या मावतील असा, समोरून उघडणारा, किंमत चाळीस हजारांच्या वर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही, दुकान आणि सर्व्हिसबद्दल आहे, आणि दुसऱ्या कंपन्यांची यंत्रं घेतलेल्या माझ्या मैत्रिणींनाही थोड्याफार फरकाने तोच अनुभव आला. घरात आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नात. मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका.

आधी भांड्यांचं सांगते. स्टीलची ताटं, वाट्या, पेले, तेलकट डबे लख्ख निघतात आणि कोरडे निघतात. प्लास्टिकच्या डब्यांचा हळदीचा पिवळेपणा जात नाही. दुधाचं पातेलं करपलं असेल तर आधी भिजवा. हिंदालियमची कढई आणि ॲल्युमिनियमचा कुकर आत घालू नका, काळे पडतात. बिडाचा तवा गंजतो. देवाची तांब्या-पितळेची भांडी आणि पोळपाट-लाटणंही बाहेरच. म्हणजे मराठी घरातली रोजची चार-पाच भांडी हाताने घासावीच लागतात. विकणारा हे सांगत नाही. झारा किंवा लांब डाव उभा ठेवला की आतला पाण्याचा पंखा अडतो आणि वरची भांडी तशीच निघतात. एका फेरीला पाणी दहा-बारा लिटर लागतं, नळाखाली घासण्यापेक्षा पुष्कळ कमी. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, पट्टी बुडवून तपासलं तेव्हा क्षार कमी निघाले, त्यामुळे पाण्यातले क्षार काढायला यंत्रात भरायचं मीठ बेताचंच लागतं. बोअरचं पाणी असेल तिथे जास्त लागेल. सिडकोच्या जुन्या घरात स्वयंपाकघरात जागा कुठली, म्हणून ड्राय बाल्कनीत ठेवलाय.

आता दुकान. पैसे सुनेच्या बोनसचे, कार्ड तिचं, मॉडेल तिनेच निवडलेलं. काउंटरवरच्या मुलाने मात्र मान वर न करता विचारलं, "सर, मोबाईल नंबर?" बिल मुलाच्या नावावर, वॉरंटी मुलाच्या नंबरावर.

पुढच्या आठवड्यात डेमोला माणूस आला. स्वभावाने चांगला, काम स्वच्छ. पण दार उघडून पहिलं वाक्य, "मॅडम, तुम्ही बघून घ्या," आणि मुलगा लगेच हॉलमध्ये जाऊन बसला. मीठ कुठे भरायचं, गाळणी कशी काढायची, कुठला प्रोग्राम कधी, सगळं सुनेला. ते झाल्यावर सहीसाठी आणि ओटीपीसाठी पुन्हा, "सर कुठे आहेत?" मी तिथेच मुलाला हाक मारली आणि त्या माणसाला म्हटलं, "भाऊ, हे यंत्र हा लावणार आहे. पुन्हा पहिल्यापासून दाखवा." त्याने दाखवलं, हसला नाही की कुरकुरला नाही. मुलगा खाली बसला, गाळणी स्वतः काढून परत बसवली. त्या माणसाला कामाचे पूर्ण गुण.

काही महिन्यांनी तळाशी पाणी साचू लागलं. सूनच त्या दिवशी घरी होती, फोन तिनेच केला, तर "रजिस्टर्ड नंबरवरून करा." मुलाने महाप्याच्या ऑफिसातून तक्रार नोंदवली. मेकॅनिक आला आणि सून समोर उभी असताना मुलाला फोन लावला. यंत्रासमोर उभी असलेली बाई नेमकं काय बिघडलंय ते सांगत होती आणि हा दुसऱ्या गावात बसलेल्या पुरुषाकडून ते ऐकत होता! मागचा पाइप दुमडला होता, दहा मिनिटांत काम झालं. नंबर बदलून घ्यायला मात्र बिलाची प्रत, अर्ज, ईमेल, पुन्हा ईमेल. या सेवेला पाचपैकी दोनच.

घेण्याआधी घरात जी चर्चा झाली तीही सांगायला हवी. गाडी घेताना आमच्याकडे चर्चा झाली ती रंगाची. डिशवॉशरच्या वेळी "गरज आहे का?" इथून सुरुवात. "भांड्याला बाई आहे ना," असं आमचे हे म्हणाले. बाई सकाळी येते. रात्रीचं खरकटं ठाण्याहून लोकलने आठला घरी पोचणाऱ्या सुनेच्या वाट्याला यायचं, ते कुणाच्या हिशेबात नव्हतं. जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईने 1886 मध्ये भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तिची पहिली गिऱ्हाइकं हॉटेलं. घरोघरी यंत्र का जात नाही याचं तिने सांगितलेलं एक कारण असं की, घरातल्या एवढ्या मोठ्या खर्चाचा निर्णय बाईच्या हातात नसतो. मी तीस वर्षांहून जास्त पगार आणला आणि माझं पासबुक यांच्या कपाटात असायचं. मला ते कारण समजावून सांगावं लागत नाही.

यंत्र आलं की बायका सुटल्या, असं मानणाऱ्यांनी सरकारची वेळ-वापर पाहणी बघावी. 2019 मध्ये घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला त्यात 299 मिनिटं घालवत होत्या, पुरुष 97. 2024 मध्ये बायका 289 आणि पुरुष 88. बायकांची 10 मिनिटं कमी झाली, तशी पुरुषांचीही 9 कमी झाली. आणि हे पुरुष म्हणजे जे काम करतात तेवढेच. 2019 मध्ये कुठल्याही एका दिवशी असं काम करणारे पुरुष शंभरात जेमतेम 26 होते, बायका 81.

म्हणून आमच्याकडे मी आग्रहाने एक ठरवून घेतलं: डिशवॉशर पूर्ण मुलाचा. भांडी लावणं आणि काढणं तर आलंच, पण यंत्रात टाकायच्या साबणाच्या टॅब्लेट संपत आल्यात हे लक्षात ठेवणं, मीठ भरणं, दर रविवारी गाळणीतली भाताची शितं काढणं, हेही त्याचंच. लक्षात ठेवण्याचं काम दिसत नाही, म्हणून ते बाईच्या गळ्यात राहतं. सुरुवातीला तो आतूनच विचारायचा, "टॅब्लेट आहेत का गं?" सून उठायला लागली की मी तिला हाताने बसवायची. एकदा खरोखरच संपल्या. रात्रीची भांडी सिंकमध्ये तशीच राहिली, सकाळी तो कामावर जायच्या आधी सेक्टरच्या दुकानात जाऊन आला. तेव्हापासून पाकीट अर्धं झालं की नवीन येतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, मुलाला काय हे कामाला लावलंत. तो माझा मुलगा आहे म्हणूनच लावलं. सून आता जेवण झालं की नातीचा अभ्यास तरी घेते, नाहीतर सरळ आडवी होते.

आमचे हे आपला चहाचा कप अजूनही टीपॉयवरच ठेवतात. नातीने त्यांना वरचा ट्रे दाखवून ठेवलाय, कधी लक्षात राहतं, कधी नाही. त्यांचा कप मी उचलत नाही.

यंत्राला पाचपैकी चार. घ्यायचा असेल तर 16 अँपियरचा प्लग, नळ आणि पाणी जायची वाट आधी बघून घ्या. टॅब्लेट साधारण पंधरा-वीस रुपयांना एक पडते, ते महिन्याच्या खर्चात धरा. डेमो रविवारी ठेवा आणि रोज जो लावणार आहे त्यालाच पुढे बसवा. बिलावर पैसे देणारीचं नाव आणि तिचाच नंबर घालायला सांगा, आणि काउंटरवरून हलायच्या आधी तो वाचून घ्या.