नव्या देशाचं चलन : स्वतःचं की उसनं?

वादविवाद स्पर्धेसाठी हा विषय मिळालाय आणि बाजू ठरत नाहीये? मग आधी वेगळ्या विदर्भाचा दाखला बाजूला ठेवा. नागपुरात कुणीतरी तो देतोच. विदर्भ वेगळा झाला तरी ते राज्यच असेल. रुपया तोच, रिझर्व्ह बँक तीच. हा प्रश्न देशांना पडतो.

स्वतःच्या चलनाची बाजू टाळ्या मिळवणारी आहे. झेंडा आपला, नोट आपली, अडचणीत अवमूल्यनाची, म्हणजे चलनाचा दर मुद्दाम उतरवण्याची सोय. पण समोरचा दक्षिण सुदान काढणार, हे धरून चाला. ९ जुलै २०११ ला स्वातंत्र्य, त्याच महिन्यात स्वतःचा पौंड. सरकारी महसुलाचा सुमारे ९८ टक्के भाग तेलाचा आणि ते तेल न्यायची पाइपलाइन सुदानमधून. वाहतुकीच्या शुल्कावरून बिनसलं, तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये दक्षिण सुदानने स्वतःच तेलाचं उत्पादन थांबवलं. २०१३ च्या अखेरीस यादवी पेटली. खर्च थांबेना, तेव्हा नोटा छापल्या. डिसेंबर २०१५ मध्ये दर बाजारावर सोडला आणि डॉलरमागे तीनच्या आसपास असलेला पौंड एकदम अठरापार गेला.

उसन्या चलनासाठी पूर्व तिमोर घ्या. २००२ मध्ये स्वतंत्र झाला, पण व्यवहार २००० पासूनच अमेरिकी डॉलरमध्ये. स्वतःची फक्त नाणी. सरकारला नोट छापताच येत नाही, हा मोठाच लगाम. तेलाच्या पैशासाठी २००५ मध्ये वेगळा निधीही केला. तोटा असा, की डॉलर वधारला की शेजारच्या इंडोनेशियाच्या मानाने तिथली मजुरी आपोआप महागते आणि राजधानी दिली इथे बसलेल्या सरकारच्या हातात काहीच नसतं.

मधली वाट एस्टोनियाची, आणि खरी गंमत इथे आहे. संविधान चौकातली रिझर्व्ह बँक आपण येता-जाता बघतो. आपल्याकडे १९५७ पासून नोटा काढायला किमान २०० कोटींचा राखीव साठा पुरतो, त्यात ११५ कोटींचं सोनं. एस्टोनियाने जून १९९२ मध्ये क्रून हे स्वतःचं चलन आणलं ते उलट्या नियमाने: जेवढी परकी गंगाजळी आणि सोनं, तेवढ्याच नोटा. आठ क्रूनला एक जर्मन मार्क, दर पक्का. सरकारला मध्यवर्ती बँकेकडून उधारी बंद. सुरुवातीच्या साठ्यात दुसऱ्या महायुद्धाआधी परदेशात ठेवलेलं, आता परत मिळालेलं सोनं होतं. झळ बसली ती २००९ च्या मंदीत: दर हलवायचा नाही म्हणून पगार कापले. २०११ मध्ये युरो आला.

मला विचाराल तर 'उसनं, पण काही वर्षांपुरतं' ही बाजू घ्या. बोत्सवाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला, दहा वर्षं दक्षिण आफ्रिकेचा रँड वापरला. दरम्यान हिरे सापडले, तिजोरीत जरा दम आला, मग १९७६ मध्ये स्वतःचा पुला काढला. विषयात 'कायमचं' असा शब्द असेल तर मात्र हा मुद्दा उलटतो; तेव्हा विषयाचं वाक्य आयोजकांकडून लेखी मागून घ्या.