वेड अँड बुचरचा 7/8 वस्तरा: पैसे नेमके कशाचे?

नग असा: इंग्लंडमधल्या शेफील्डच्या वेड अँड बुचरचा वस्तरा, पात्याची रुंदी 7/8 इंच, पात्यावर 'फॉर बार्बर्स यूज' हा छाप, मूठ काळ्या शिंगाची. नावावरूनच कळतं, हा न्हाव्याच्या धोकटीतला माल, रोज राबायला केलेला. आज मात्र याचा एखादा नग नव्या कोऱ्या जर्मन वस्तऱ्यापेक्षा महाग जातो आणि त्याच छापाचा दुसरा नग कोणी हातात धरून परत ठेवतो. नाव तेच, कारखाना तोच. फरक बघायचा तर आधी पाठ बघायची.

वस्तरा निसण्यावर आडवा टाकला की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. धारेचा कोन त्यामुळे हाताने धरावा लागत नाही, तो पाठीच्या जाडीनेच ठरतो. व्हर्नियर असेल तर दोन मापं घ्या: पाठीची जाडी, आणि धारेपासून पाठ जिथे दगडाला टेकते तिथपर्यंतचं अंतर. जाडी भागिले अंतर, गुणिले 57.3, की कोन अंशांत मिळतो. पाठ 6.2 मिलिमीटर आणि अंतर 21 असेल तर कोन साधारण 17 अंश, म्हणजे उत्तम. 16 ते 18 मध्ये वस्तरा गुळगुळीत चालतो. कोणीतरी वर्षानुवर्षं दाबून दाबून पाठ 5 मिलिमीटरवर आणली असेल तर कोन 13.6 वर घसरतो. मग धार लागते छान, पण दोन दाढ्यांत तिचे कण गळायला लागतात. दोष पोलादाचा नसतो.

म्हणून संग्राहक पाठीवरची घासलेली सपाट पट्टी बघतो. मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, दोन्ही बाजूंना सारखी, टाचेपासून टोकापर्यंत एकाच रुंदीची असेल तर चिंता नाही, वस्तरा जपून वापरलेला आहे. पट्टी चार-पाच मिलिमीटर रुंद, किंवा टोकाला अरुंद आणि टाचेला रुंद असेल तर सोडून द्या. झिजलेली पाठ परत भरता येत नाही. मूठ नवी बसवता येते, गंज काढता येतो, धार तर कोणीही लावतो. महाग वस्तऱ्याचे पैसे मुख्यत्वे या न झिजलेल्या पाठीचे असतात.

आता नाव आणि छाप. विल्यम आणि सॅम्युएल बुचर या भावांच्या या कारखान्याचा माल मोठ्या प्रमाणावर अमेरिकेला जायचा आणि तिथल्या एका कायद्यामुळे वय ओळखायला मदत होते. 1890 च्या मॅकिन्ली टॅरिफनंतर, म्हणजे प्रत्यक्षात 1891 पासून, तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. शेपटीवर, म्हणजे पात्यामागच्या मुठीकडच्या दांडीवर, नुसतं 'शेफील्ड' असेल तर नग बहुधा त्याआधीचा, 'शेफील्ड, इंग्लंड' असेल तर नंतरचा. शेफील्डच्या काही वस्तऱ्यांवर मुकुटाच्या दोन बाजूंना राजाची आद्याक्षरंही असतात. त्यातलं 'डब्ल्यू आर' चौथ्या विल्यमचं. तो 1830 ते 1837 एवढाच गादीवर होता, म्हणून ते कमी सापडतं आणि भाव खातं.

याच कारखान्याच्या काही पात्यांवर 'फाइन इंडिया स्टील' असंही कोरलेलं असतं. आपल्याकडच्या माणसाची छाती फुगावी असा छाप आहे, पण त्यावरून पोलाद इथून गेलं असं समजू नका. दक्षिण भारतातल्या वुट्झ पोलादाचा तेव्हा इंग्लंडात दबदबा होता. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने 1819 मध्ये त्याच्या पृथक्करणावर निबंध लिहिला, पुढे जेम्स स्टोडार्ट या पात्यांच्या कारागिरासोबत पोलादाच्या मिश्रणांचे प्रयोगही केले. 'इंडिया स्टील' आणि 'सिल्व्हर स्टील' ही नावं त्या हवेतली. 'सिल्व्हर' लिहिलेल्या बहुतेक पात्यांत चांदी शोधायला जाऊ नये. खरं पोलाद शेफील्डचंच, बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात बसवलेल्या, मुशीत पोलाद वितळवण्याच्या पद्धतीचं.

पातं जवळजवळ पाचरीसारखं आहे, पोटात किंचितच कोरलेलं. फुल हॉलो, म्हणजे पोटात खोल कोरून पातळ केलेलं, जर्मन पातं दाढी करताना बारीक गातं, हे गात नाही. त्याच्या वजनानेच चार दिवसांची खरबरीत दाढी एका ओढीत उतरते, हाताने दाब द्यावा लागत नाही. नाकाखाली मात्र हे धूड अडचणीचं होतं, तिथे 5/8 चं पातं बरं. नवशिक्याने हा पहिला वस्तरा म्हणून घेऊ नये.

धार लावताना दोन गोष्टी नडतात. एक, या जुन्या पात्यांची धार सरळ नसते, हलकी हसरी असते, मध्ये पुढे आलेली. रुंद सपाट दगडावर सरळ ओढत बसलात तर टाच आणि टोक दगडाला नीट टेकतच नाही. मग माणूस जोर लावतो, मधली धार जास्त खाल्ली जाते आणि हसरं पातं काही वर्षांत रडकं, म्हणजे मध्ये आत गेलेलं, होतं. ओढ तिरकी, टाचेकडून टोकाकडे गुंडाळत न्यायची. दुसरं, पाचरी पात्याला धारेची पट्टी रुंद असते, म्हणून काम वेळखाऊ. पाठीवर इन्सुलेशन टेपचा एकच थर लावा. पाठ वाचते आणि कोन जेमतेम पाऊण अंशाने वाढतो. 1000 च्या दगडावर (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) धार पूर्ण लांबीत जुळली नाही तर पुढे जाऊ नका. पातं दिव्याखाली धार वर करून धरा. धारेवर कुठेही चकाकता ठिपका दिसला तर तिथे ती अजून बोथट आहे. मग 4000, 8000, 12000, शेवटच्या दगडावर नुसतं पात्याचं वजन. त्यानंतर चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून 50-60 फेरे. फेरा संपल्यावर पातं पाठीवरून उलटायचं. धारेवरून उलटलं की पट्टा कापला आणि धारही गेली.

विकत घेताना सगळ्यात जास्त फसवतो तो आरसा. चकचकीत पातं बघून लोक भुलतात. बफच्या चाकावर घासलेलं पातं ओळखायला भिंग लागतं, बस. शेपटीवरचं अक्षर बघा: कडा टोकदार, खोल आणि अक्षराच्या आत जुना काळसरपणा असेल तर पातं मूळचं. अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी वितळलेली, पाठ आणि शेपूट जुळतात तिथली रेघ गोलावलेली आणि गंजाच्या खड्ड्यांच्या कडाही गोल झालेल्या दिसल्या तर चाक फिरलेलं आहे. चाकाखाली पातळ धार क्षणात तापते. निळी झाक आली म्हणजे तापमान 300 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं, पात्याला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं. विकणारा ती झाक पुढच्या फेऱ्यात पुसून टाकतो आणि तुम्हाला ते कळतं पंधरा दिवसांनी, धार टिकत नाही तेव्हा. त्यापेक्षा पात्याच्या पोटावर काळे डाग असलेला, हात न लावलेला नग घ्यावा. डाग पोटावर चालतात. धारेला लागून असलेली काळी टिकली मात्र चालत नाही, धार लावताना नेमका तिथे खड्डा पडतो.

शिंगाच्या मुठीला कसर लागते, कडेला कुरतडल्यासारखे खळगे दिसतात. तो रूपाचा प्रश्न. खरा धोका वाकलेल्या मुठीचा: वस्तरा मिटताना धार मुठीच्या आतल्या बाजूला घासते आणि कोपरा तुटतो. घेण्याआधी सावकाश मिटून, वरून उजेडात बघा, पातं मुठीच्या दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध बसायला हवं.

याच्या उलट टोकाचा मान स्पेनच्या फिलार्मोनिकाचा, होसे मोन्सेरात पोऊच्या कारखान्याचा. त्यातही 14 क्रमांकाचा 'दोब्ले तेम्प्ले' छापाचा नग. रुंद पातं, पण पोटात खोल कोरलेलं, म्हणजे रुंदीचा धाक आणि पातळ पात्याचा गोडवा एकत्र. तो घेणारे बहुतेक दाढी करायलाच घेतात. पाठीचा नियम तिथेही लागू, उलट जास्त कडक, कारण पातळ पात्यात चूक झाकायला मांसच नसतं.

जर्मन वस्तऱ्यांच्या रंगीत मुठी बहुधा सेल्युलॉइडच्या. अंगठ्याने मिनिटभर चोळून वास घ्या. कापराचा वास आला तर तेच, त्यात कापूर घातलेलाच असतो. तिखट, आंबूस वास आला तर मूठ कुजते आहे. तिच्यातून आम्ल सुटतं आणि पातं आतून गंजतं. अशा नगाची मूठ आधी उतरवा आणि तोवर तो बाकीच्या वस्तऱ्यांपासून लांब ठेवा, शेजारचेही गंजतात. तापवलेल्या सुईने परीक्षा करू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात हस्तिदंती किंवा कासवाच्या पाठीची मूठ दाखवली तर हात मागे घ्या. दोन्हीचा व्यापार आपल्याकडे वन्यजीव कायद्याने बंद आहे, परदेशातून मागवलं तर कस्टममध्येच अडकेल. शिंग, हाड, आबनूस यावर समाधान मानावं. पावसाळ्यात वस्तरा चामड्याच्या डबीत ठेवू नका. पुसा, पंख्याखाली तासभर उघडा वाळवा, शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा, मुठीच्या खिळ्यात एक थेंब सोडा, कारण गंजाची सुरुवात तिथूनच होते.