रेडॉनची यंत्रणा आणि बोअरचं पाणी : पेला, आयोवा

रेडॉन हा जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू. तो बाहेर काढणारी यंत्रणा घरात बसवून एक अख्खा हिवाळा गेला. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असताना कुठल्याही घराचा आकडा बरा दिसतो, म्हणून थंडी संपेपर्यंत थांबले आणि आता लिहितेय. आपली मंडळी इकडे अमेरिकेत घर घेताना शाळा बघतात, छप्पर बघतात, गॅरेज बघतात. तळघरातली हवा आणि नळाचं पाणी याबद्दल कोणी चकार शब्द विचारत नाही, आणि ते मला मनापासून खटकतं.

आमचं घर गावाच्या वेशीबाहेर आहे. बाजूला मक्याची शेतं, पाणी स्वतःच्या बोअरचं. तळघर नीट बांधून घेतलेलं, त्यात एक मोठी खोली, स्वतंत्र बाथरूम आणि मागच्या अंगणात उघडणारं दार. जळगावहून आई-बाबा येतात तेव्हा ते तिथेच राहतात. रेडॉन जमिनीतून येतो आणि सगळ्यात जास्त साठतो तो तळघरातच. म्हणजे घरातली सगळ्यात वाईट हवा आम्ही घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसांना देत होतो. त्यात बाबांनी तरुणपणी बरीच वर्षं सिगारेट ओढलेली. तंबाखू आणि रेडॉन एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कितीतरी वाढतो.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. मातीतल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. ना रंग, ना वास. हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मातीवर आयोवा वसलंय, त्यामुळे इथल्या सगळ्याच्या सगळ्या 99 काउंट्या (म्हणजे जिल्हे) ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात टाकल्या आहेत. मोजमाप पिकोक्युरी (किरणोत्साराचं एकक) प्रति लिटरमध्ये होतं, पुढे मी नुसते आकडे लिहिते. 4 किंवा त्याहून जास्त आला तर घर दुरुस्त करा, असं ईपीए सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्याहून कडक, साधारण 2.7. अमेरिकेतल्या घरांची सरासरी 1.3 आणि आयोवाची 8.5. देशात दरवर्षी सुमारे 21,000 माणसं रेडॉनमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगाने दगावतात, असा ईपीएचा अंदाज आहे. हा प्रश्न जगापुढे आला तोही एका साध्या घरातून. 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियात स्टॅनली वॉट्रस नावाचे इंजिनियर अणुवीज केंद्रात कामाला जाताना किरणोत्साराचे अलार्म वाजवायचे. शोध घेतला तर दोष केंद्राचा नव्हता, रेडॉन त्यांच्या राहत्या घरात होता.

आमच्या तळघरात पहिला आकडा आला 9.6. वर स्वयंपाकघरात 5 च्या आसपास. काउंटीच्या आरोग्य विभागात हवेतला रेडॉन शोषून घेणाऱ्या कोळशाचं चाचणी किट अगदी स्वस्तात मिळतं, तेच वापरलं. चाचणीच्या 12 तास आधीपासून दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, किट जमिनीपासून दीड-दोन फुटांवर ठेवायचं, किमान 48 तासांनी बंद करून त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे पोस्टात टाकायचं. रेडॉनचं अर्धायुष्य (निम्मा रेडॉन आपोआप नाहीसा व्हायला लागणारा काळ) 3.8 दिवसांचं असतं, त्यामुळे पाकीट घरात पडून राहिलं तर निकालाला अर्थ राहत नाही. नंतर एअरथिंग्ज कंपनीचं, सतत रेडॉन मोजणारं, बॅटरीवर चालणारं छोटं यंत्रही घेतलं. ते अल्पकाळाची आणि दीर्घकाळाची अशा दोन सरासऱ्या दाखवतं. एखाद्या रात्रीचा आकडा बघून घाबरू नका आणि खूशही होऊ नका, दीर्घकाळाच्या सरासरीवर नजर ठेवा.

आता कामाबद्दल. फरशीखालची हवा पाइप आणि पंखा लावून ओढायची आणि घराबाहेर सोडायची, असं हे काम. दरपत्रकं मागवली तेव्हा एकाने फोनवरच किंमत सांगितली. दुसरा घरी आला आणि पंखा तळघरातच बसवू म्हणाला, वायरिंग सोपं पडतं म्हणून. त्याला मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. पंख्याच्या पुढच्या पाइपात हवा दाबाखाली असते. तिथला एक जोड सैल झाला तरी जमिनीखालून ओढून आणलेला सगळा रेडॉन खोलीत. पंखा राहत्या जागेच्या बाहेरच हवा, माळ्यावर किंवा घराबाहेर. आयोवात हे काम करणाऱ्याला राज्याचा परवाना लागतो. तो आधी मागा, लाजू नका.

ज्यांना काम दिलं ते शेजारच्या काउंटीतले, बापलेक मिळून करतात. त्यांना मी पैकीच्या पैकी गुण देते, आणि ते पंख्यासाठी नाही. पंखे सगळ्यांचे थोड्याफार फरकाने सारखेच असतात. गुण आहेत पाइप लावण्याआधीच्या कामाला. मुलाने एका कोपऱ्यात फरशीला मोठं भोक पाडून त्याला दुकानी व्हॅक्यूम लावला. मग लांबच्या भिंतींजवळ पेन्सिलीएवढी बारीक भोकं पाडली आणि बापाने एकेका भोकाशी धुराची कांडी धरली. पहिल्या दोन ठिकाणी धुराची रेघ वाकून सरळ भोकात शिरली. आई-बाबांच्या खोलीतल्या भोकाशी मात्र धूर तसाच वर तरंगत राहिला. "इथपर्यंत ओढ पोचत नाहीये," बाप म्हणाला, आणि दुसरा पाइप त्या बाजूने घ्यायचं ठरलं. फोनवर भाव सांगणाऱ्याला हे कसं कळलं असतं? पाइप एका कोपऱ्यात लागला असता, बिल झालं असतं, आणि नेमकी तीच खोली तशीच राहिली असती.

तळघराखाली झिरपलेलं पाणी जिथे साठतं त्या संपच्या खड्ड्यावर त्यांनी पारदर्शक झाकण बसवून कडा सिलिकॉनने बंद केल्या, भिंत आणि फरशीमधली फट भरली. नुसत्या फटी बुजवून रेडॉन आटोक्यात येत नाही, पण न बुजवल्या तर पंखा घरातलीच तापवलेली हवा ओढत बसतो आणि हिवाळ्यात बिल वाढतं. पाइप गॅरेजमधून वर नेऊन छपराबाहेर काढला. भिंतीबाहेरून नेला असता तर जानेवारीत आतल्या बाष्पाचा बर्फ होण्याची भीती. शेवटी गॅसच्या गीझरपाशी पुन्हा धुराची कांडी धरून, चिमणीतला धूर उलटा घरात येत नाही ना हे तपासलं. हे मी सांगितलेलं नव्हतं, त्यांनी आपण होऊन केलं.

पाइपावर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची काचेची नळी आहे, तिच्यात लाल तेल. दोन्ही बाजूंची पातळी खाली-वर असेल तर ओढ चालू, सारखी झाली तर पंखा बंद. बाबा महावितरणमधून निवृत्त झालेत, ते रोज सकाळी चहाआधी ती नळी बघून येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "अगं, तेल वर-खाली आहे म्हणजे हवा चांगली असं म्हणायचं का?" नाही म्हणायचं. नळी फक्त ओढ दाखवते, रेडॉन मोजत नाही. त्यासाठी चाचणीच हवी. काम झाल्यावर नव्या किटचा निकाल आला 0.9, आणि हिवाळाभराची यंत्रावरची सरासरी 1.1. हिवाळ्याचं महत्त्व यासाठी की घर बंद असतं आणि गरम हवा वर सरकते, सगळं घर चुलीच्या धुराड्यासारखं जमिनीतली हवा वर ओढतं.

तक्रारी दोन. वरच्या मजल्यावरच्या कपाटात पंख्याची बारीक घरघर ऐकू येते, रात्री जास्त. आणि संपचा पंप काढायचा झाला तर आता आधी झाकणाचे बोल्ट आणि सिलिकॉन सोडवावं लागतं. दोन्हींबरोबर राहता येतं.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण लोक दोन्हींची गल्लत करतात. बोअरच्या पाण्यातूनही रेडॉन येतो, अंघोळ करताना हवेत मिसळतो. पण ठोकताळा असा की पाण्यात 10,000 असेल तेव्हा घरातल्या हवेत साधारण 1 ची भर पडते. हवेतला आकडा जास्त आला की मग पाणी तपासा. आमच्याकडे जवळपास सगळा रेडॉन मातीतूनच येत होता. पाण्याचं खरं दुखणं निघालं नायट्रेट, शेतातल्या खतांतून पाण्यात उतरणारा क्षार.

खासगी बोअरची तपासणी इथे काउंटीमार्फत मोफत होते आणि ही सेवा फार चांगली आहे. 1987 च्या भूजल संरक्षण कायद्याने खतं आणि कीटकनाशकांवर शुल्क बसवलं, त्यातून हा खर्च निघतो. आमच्याकडे आलेल्या बाईंनी नळाची जाळी काढली, पाणी बराच वेळ वाहू दिलं, मग निर्जंतुक बाटली आतून हात न लावता भरली. बॅक्टेरिया नाहीत, आर्सेनिक नगण्य, नायट्रेट लिटरमागे 12.4 मिलिग्रॅम. मर्यादा 10. बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना अशा पाण्याने काय होतं हे 1945 मध्ये आयोवा विद्यापीठातल्याच डॉ. हंटर कॉम्ली यांनी लिहून ठेवलंय : रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही, बाळ निळं पडतं. आणि पाणी उकळलं की नायट्रेट जात नाही, उलट तीव्र होतं. उकळून गार केलेलं पाणी हीच आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. भारतातल्या मर्यादेचा 45 हा आकडा वेगळा वाटला तरी तो पूर्ण नायट्रेटचा असतो, इथला 10 त्यातल्या फक्त नायट्रोजनचा. मर्यादा जवळजवळ एकच आहे, अहवाल वाचताना तेवढं बघा.

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) भारतातून आणणाऱ्यांनी तो यासाठी बाहेर काढू नये. त्यात नायट्रेट वेगळं दिसत नाही, रेडॉन तर दिसतच नाही. एका विक्रेत्याने आमच्या पाण्यात साबण घालून फेस होत नाही हे दाखवलं आणि पूर्ण घराची काही हजार डॉलर्सची यंत्रणा पुढे केली. फेस न होणं म्हणजे पाणी जड आहे, एवढंच. मिठावर चालणारा साधा सॉफ्टनर नायट्रेटसाठी नसतोच. आम्ही ओट्याखाली प्यायच्या नि स्वयंपाकाच्या पाण्यापुरता आरओ बसवला. पुढच्या तपासणीत त्या नळाचं नायट्रेट 1.8 आलं. भांडी, कपडे, अंघोळ बोअरच्याच पाण्यावर.

रेडॉनच्या कामाचे एकूण 1,650 डॉलर्स झाले, दुसऱ्या पाइपामुळे थोडे जास्त. पंख्याला 5 वर्षांची वॉरंटी. दर 2 वर्षांनी फेरचाचणी करायची, आणि तळघरात नवी भिंत घातली किंवा फरशी फोडली तर लगेच. घर विकत घेत असाल तर चाचणी सही करण्याआधी करून घ्या, आकडा 4 च्या वर आला तर दुरुस्तीचा खर्च विकणाऱ्याकडे मागता येतो. आमच्या ओळखीतल्या दोघांना तो मिळालाय.