अंगणातल्या वाटेला जांभा की शहाबादी? एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

देवरुखजवळच्या आमच्या घराला गेटपासून पडवीपर्यंत वाट करून घेतली गेल्या दिवाळीनंतर. ६० फूट लांब, साडेतीन फूट रुंद, म्हणजे २१० चौरस फूट. मागे विहिरीकडे जायला एक छोटा तुकडा वेगळा. घरात एकमत होईना म्हणून पुढे जांभा आणि मागे शहाबादी असं केलं, आणि बरंच झालं, कारण आता दोन्हींवरून अख्खा पावसाळा गेलाय आणि समोरासमोर ठेवून सांगता येतंय. नवीन वाट कुठलीही छानच दिसते हो, खरं काय ते आषाढ-श्रावणात कळतं.

आधी पैशाचं. सगळे विचारतात दगड कितीला पडला, पण आमच्या एकूण खर्चात दगड निम्म्याहून कमी होता, बाकी सगळं खालचा थर, मजुरी आणि गाडीभाडं. खाली ४ इंच ग्रिट (बारीक खडी) धरा, २१० चौरस फुटाला ७० घनफूट होते, पण धुम्मस मारल्यावर ती दबते म्हणून ९० तरी लागते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास मागवली की काम होतं. हा थर कमी करून पैसे वाचवू नका, कळकळीने सांगतो. आमच्या आळीत एका ठिकाणी मातीवर थेट चिरे (जांभ्याचे कापलेले ठोकळे) बसवले होते, पहिल्याच मोठ्या पावसात माती वाहून गेली आणि अर्धे चिरे डुगडुगायला लागले, आता उपसून परत बसवणं म्हणजे मजुरी दुप्पट.

चिऱ्याचा हिशोब असा की १४ बाय ९ इंचाचा आडवा घातला तर २१० चौरस फुटाला २४० नग लागतात. पण चालायच्या वाटेला ७ इंच जाडी कशाला हवी? आम्ही खाणीवरच मधोमध कापून घेतला, म्हणजे एका चिऱ्याचे दोन, १२० मध्ये भागलं, फुटतूट धरून थोडे जास्त घेतले. कापायची मजुरी वेगळी गेली तरी स्वस्तच पडलं, आणि गाडीचं वजन निम्मं झालं. घेताना एकेक वाजवून बघा, खणखणीत वाजला पाहिजे. ज्यात पिवळट मातीचे खिसे दिसतात तो भिंतीत खपून जाईल पण वाटेवर त्या खिशातली माती धुऊन जाते आणि तिथे खड्डा पडतो.

शहाबादी येते पार कर्नाटकातून, घाट उतरून, त्यामुळे देशावर जेवढी स्वस्त पडते तेवढी इथे पडत नाही. पेव्हर ब्लॉकचाही भाव काढला होता (चालायला ६० मिमी पुरतो, गाडी न्यायची असेल तर ८०), पण शेजारी जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) आणि खाली जुनी पाखाडी (दगडी पायवाट) असताना मधेच ते राखाडी ब्लॉक, नाही पटलं मला.

आता पावसाळ्याचं. जांभ्यावर शेवाळ येतंच, पाणी पितो तो दगड, पण पृष्ठभाग खडबडीत आणि भोकाभोकांचा असल्यामुळे शेवाळ खळग्यांत राहतं आणि पाय उंचवट्यावर टेकतो. सांधे सिमेंटने भरले नाहीत, ग्रिटनेच भरले, त्यामुळे पाणी साचत नाही, खाली जिरतं. पहिल्या पावसात तांबडं पाणी सुटलं आणि पडवीतल्या पांढऱ्या लादीवर पावलं उमटायची, ते महिन्याभरात थांबलं. एकच जागा खराब झाली, पडवीच्या कडेला जिथे पागोळ्या पडतात तिथे चिऱ्याला ओळीने खळगे पडलेत. तिथे काळ्या दगडाची खडी पसरली, आता ठीक आहे.

शहाबादीचं मात्र जपून. फणसाच्या सावलीत तिच्यावर हिरवा पातळ थर धरतो, लांबून दिसतही नाही, ओली फरशी नेहमीसारखीच काळसर दिसते आणि पाय टेकला की सरकतो. आई कळशी घेऊन जायची त्या वाटेने, जुलैपासून मी तिला तिकडून जाऊ देत नाही. उन्हाळ्यात तीच फरशी झाडायला, धुवायला एकदम सोपी, हे खरं. पण कोकणात चार महिने पाऊस आहे, त्याचा विचार आधी.

साफ करायला दोन्हीकडे ब्लीचिंग पावडर आणि खराटा, फक्त ते पाणी झाडांच्या मुळाशी जाऊ देऊ नका. शहाबादीवर अॅसिड अजिबात नको, चुनखडीचा दगड आहे तो, खाल्ला जातो. प्रेशरचं मशीन पण नको, सांध्यातली ग्रिट उडून जाते.

सावलीची किंवा म्हाताऱ्या माणसांच्या पायाखालची वाट असेल तर जांभाच घाला. मागची शहाबादी मी उखडणार नाही, चांगली बसलेली आहे, पुढच्या मे महिन्याच्या आत तिला टाकी मारून (छिन्नीने टोचून) खडबडीत करून घेणार आणि फणसाच्या दोन खालच्या फांद्या उतरवणार, मिस्त्रींना सांगून ठेवलंय.