गॅरंटीड एन्ट्री म्हणून पैसे घेतले आणि बर्लिनला गेल्यावर बिबच (छातीवर लावायचा नंबर) नाही

परदेशात मॅरेथॉन पळायला जायचं ज्यांच्या डोक्यात आहे आणि ज्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर "गॅरंटीड एन्ट्री, शेवटचे स्लॉट" असले मेसेज येतायत त्यांनी प्लीज हे पूर्ण वाचा. लांब झालंय, पण पैसे कुठे आणि कसे अडकतात हे नीट कळावं म्हणून सगळं लिहितेय.

मी कोल्हापूरची. नोकरी सांभाळून पळते, पहाटे रंकाळा, रविवारी पन्हाळ्याच्या रस्त्याला लाँग रन, सातारा हिल हाफ आणि टाटा मुंबईची फुल (म्हणजे पूर्ण मॅरेथॉन) हे आमच्याकडच्या बहुतेक रनर्सचं ठरलेलं असतं तसंच माझंही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे मेजर्स, जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या मॅरेथॉन. टोकियो, बोस्टन, लंडन, बर्लिन, शिकागो, न्यूयॉर्क, या सहा पूर्ण केल्या की सिक्स स्टार मेडल मिळतं आणि आता २०२५ पासून सिडनी पण त्यात आली. पण एन्ट्री मिळणं हेच सगळ्यात अवघड. लंडनच्या २०२५ च्या रेससाठी बॅलटला म्हणजे लॉटरीला ८ लाख ४० हजारांच्या वर अर्ज आले होते, यावरून अंदाज करा. बर्लिनला टायमिंगवर (म्हणजे ठरलेल्या वेळेत आधी फुल पळून) जायचं तर वेळेची अट फारच कडक, आपल्यासारख्या हौशी लोकांना ते कुठलं जमायला. मग उरतं काय तर लॉटरी, चॅरिटी (एखाद्या संस्थेसाठी देणग्या गोळा करून मिळणारी एन्ट्री), नाहीतर ऑफिशियल टूर ऑपरेटरचं पॅकेज. हे तीनच सरळ रस्ते आहेत.

२०२४ ची बर्लिन म्हणजे त्यांची ५० वी रेस होती त्यामुळे गर्दी आणखीनच. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी लॉटरी टाकली होती, कुणाचंच नाव आलं नाही, आणि नेमकं त्याच आठवड्यात हा मेसेज आला. माणूस पुण्याचा, स्वतः रनर, दोन मेजर्स केलेला, सगळे त्याला सर म्हणायचे. मेसेजमध्ये "ऑफिशियल पार्टनर" असं लिहिलेलं, एन्ट्री, चार रात्री हॉटेल, व्हिसाचे कागद, शेकआउट रन (रेसच्या आधीचा हलका सराव) असं सगळं मिळून २ लाख ३० हजार, विमान आपापलं. हा टायमिंगचा भाग लक्षात ठेवा, लॉटरीचा निकाल लागला की लोक हिरमुसलेले असतात तेव्हाच हे मेसेज सोडतात.

मी आधीच्या वर्षी त्याच्याबरोबर गेलेल्या दोघांशी फोनवर बोलले. दोघांनीही सांगितलं की सगळं व्यवस्थित झालं, बिब मिळाला, हॉटेल चांगलं होतं. आणि ते अगदी खरं बोलत होते! हाच यातला सगळ्यात वाईट भाग आहे. नंतर आम्ही सगळ्यांनी माहिती जुळवली तेव्हा कळलं की आधीच्या वर्षी त्याने खऱ्या ऑफिशियल ऑपरेटरकडून थोडी पॅकेजेस विकत घेऊन वर आपलं कमिशन लावून विकली होती, त्यामुळे त्या लोकांच्या एन्ट्र्या खऱ्याच होत्या. त्यांचे ब्रँडेनबर्ग गेटसमोरचे फोटो, मेडलचे फोटो सगळं खरं, आणि तेच फोटो दाखवून पुढच्या वर्षी कितीतरी जास्त लोकांकडून पैसे घेतले, ज्यांच्यासाठी हातात एकही स्लॉट नव्हता. म्हणून माझं कळकळीचं म्हणणं एवढंच आहे की आधी गेलेल्यांचा चांगला अनुभव हा तुमच्या एन्ट्रीचा पुरावा नाही. तुमच्या नावाची नोंद आयोजकांकडे आहे का, एवढा एकच पुरावा.

पैसे तीन हप्त्यांत गेले, आधी यूपीआय, मग एनईएफटी. खातं त्याच्या स्वतःच्या नावावर, कंपनीच्या नाही. पावती मागितली की व्हॉट्सअ‍ॅपवर "रिसीव्ड विथ थँक्स" असा फोटो यायचा, जीएसटी बिल मागितलं की "ताई, सगळं एकदम शेवटी देतो, सीएकडे आहे." इथे एक गोष्ट सगळ्यांनी समजून घ्या. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला कायद्याने तुमच्याकडून टीसीएस (विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा आयकर) घेऊन तुमच्या पॅनवर भरावा लागतो आणि तो तुमच्या आयकराच्या स्टेटमेंटमध्ये दिसतो. हा माणूस कुणाकडूनच टीसीएस घेत नव्हता आणि लोकांना वाटायचं बरंय, तेवढे पैसे वाचले. टीसीएस घेत नाही म्हणजे तो तुम्हाला सवलत देत नाहीये, तो कागदावर टूर विकतच नाहीये.

मार्चमध्ये सगळ्यांना एक पीडीएफ आली, वर रेसचा लोगो, माझं नाव, पासपोर्ट नंबर, स्टार्ट ब्लॉक, बिब नंबर आणि खाली क्यूआर कोड. ग्रुपवर नुसता जल्लोष. आता कळतं की बिब नंबर रेस जवळ आल्यावर मिळतात, सहा महिने आधी नाही, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला हे कोण सांगणार? ती पीडीएफ आयोजकांच्या मेलवरून आलेली नव्हती, सरांच्या जीमेलवरून आलेली होती. मी विचारलं होतं की माझं लॉगिन कुठाय तर उत्तर आलं "ग्रुप एन्ट्री आहे ताई, लॉगिन ऑपरेटरकडेच राहतं, टेन्शन घेऊ नका, ट्रेनिंगवर लक्ष द्या."

आणि तेच केलं सगळ्यांनी. एप्रिल-मेच्या उन्हात पहाटे चारला उठून, पावसात भिजत, ऑफिसच्या आधी वीस-बावीस किलोमीटर. सांगलीचे एक काका होते, रिटायर शिक्षक, साठी ओलांडलेली, त्यांनी फंडाच्या पैशातून हे पैसे भरले होते. घरच्यांचा विरोध होता तरी ते म्हणाले होते की आयुष्यात एकदा परदेशात पळायचंय. त्यांच्यासाठी जीव जास्त तुटतो माझा.

शेंगेन व्हिसाच्या फाईलमध्ये तीच पीडीएफ आणि हॉटेलचं बुकिंग जोडलं. व्हिसा आला. याच्यातला धोका फार कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते: खोटा कागद व्हिसाच्या अर्जाला लागला तर सही तुमची असते, एजंटची नाही. कॉन्सुलेटने आयोजकांकडे चौकशी केली असती तर व्हिसा नाकारला गेला असता आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते आडवं आलं असतं. हॉटेलचं बुकिंग तर फ्री कॅन्सलेशनवालं होतं, आमचे व्हिसे आले आणि त्याने ते रद्द करून टाकलं. आम्हाला पत्ता नाही.

गुरुवारी बर्लिनला पोचलो, हॉटेलच्या काउंटरवर नाव नाही. सरांना फोन केला तर "मी उद्या पोचतोय, काहीतरी सिस्टीमचा घोळ असेल, तुम्ही आत्ता तुमच्या कार्डावर घ्या, मी परत करतो." मॅरेथॉनच्या वीकेंडला बर्लिनमध्ये खोल्यांचे भाव काय असतात ते जाऊन आलेल्यांना विचारा. काकांना तर परवडणारंच नव्हतं, कुणाच्या तरी ओळखीने तिथल्या एका मराठी कुटुंबाने त्यांना घरी ठेवून घेतलं, त्या घराचे उपकार काका अजून विसरलेले नाहीत.

शुक्रवारी एक्स्पोला गेलो, म्हणजे रेसच्या आधी जिथे बिब वाटतात तिथे. बर्लिनचा एक्स्पो टेम्पेलहॉफच्या जुन्या विमानतळावर असतो, यू६ मेट्रोने प्लाट्झ डेर लुफ्टब्र्युके स्टेशनला उतरायचं आणि चालत जायचं. ही भली मोठी रांग, जगभरातले लोक, सगळे आनंदात. रांगेत असतानाच आमच्यातल्या एका मुलीने सहज म्हणून आपला आणि काकांचा क्यूआर शेजारी शेजारी धरून बघितला आणि दोन्ही सेम! मग मी माझा काढला, तोही तोच. सगळ्यांच्या पीडीएफवर एकच क्यूआर चिकटवलेला होता. तरी एक आशा असते ना, म्हणून पुढे गेलो. काउंटरवरच्या बाईंनी स्कॅन केलं, काहीच आलं नाही, पासपोर्ट बघून नाव टाइप केलं, जन्मतारीख टाकली, मग आम्हाला हेल्प डेस्कला पाठवलं. तिथे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी एकेकाचं नाव शांतपणे तपासलं आणि सांगितलं की तुमच्यापैकी कुणाचीही नोंदणी आमच्याकडे नाही आणि हा कागद आमचा नाही. जागेवर एन्ट्री विकत घ्यायची काही सोय नसते. काका तिथेच बाकावर बसले, बराच वेळ काही बोललेच नाहीत.

सर शुक्रवारी आलेच नाहीत. शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर मेसेज की तीन बिब अ‍ॅरेंज केलेत, इंज्युर्ड लोकांचे आहेत, प्रत्येकी ४०० युरो वेगळे, ज्यांना पाहिजे त्यांनी लगेच सांगा. कुणीही कधीही हे करू नका. बर्लिनला बिब घेतानाच तुमच्या मनगटावर पट्टा बांधतात आणि रविवारी तो पट्टा असल्याशिवाय स्टार्ट एरियात सोडत नाहीत, त्यामुळे नुसता बिब घेऊन उपयोग नाही. आणि समजा घुसलातच, तर बत्तिसाव्या किलोमीटरला तुम्ही कोसळलात की डॉक्टर बिबवरून ज्याची माहिती काढतील तो माणूस वेगळाच असेल, त्याचं वय वेगळं, औषधं वेगळी, घरी फोन त्याच्या जाईल. पकडले गेलात तर ज्याचा बिब आहे तोही अडकतो. आमच्यातल्या कुणीही घेतला नाही याचा मला अभिमान आहे.

रविवारी २९ सप्टेंबरला हवा इतकी सुंदर होती, थंड, स्वच्छ ऊन, पळायला याहून चांगला दिवस मिळत नाही. त्या दिवशी ५४ हजारांवर लोकांनी रेस पूर्ण केली. आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून भारताचे टीशर्ट दिसले की ओरडत होतो. आठ महिने ज्या ब्रँडेनबर्ग गेटकडे डोळे लावून ट्रेनिंग केलं तिथून दुसरे लोक पळत जाताना बघणं काय असतं ते मला नीट लिहिता येणार नाही.

परत आल्यावरचं सांगते कारण ते जास्त उपयोगी आहे. सगळ्यात आधी १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. पण खरं सांगायचं तर १९३० चा फायदा पैसे गेल्या गेल्या फोन केला तर जास्त होतो, कारण तेव्हा समोरचं खातं गोठवता येतं. आमचे पैसे जाऊन महिने उलटलेले, खात्यात काही नव्हतं. पोलीस ठाण्यात आधी "हा तर दिवाणी व्यवहार आहे" असं ऐकावं लागलं, मग पैसे १ जुलै २०२४ च्या आधी दिलेत म्हणजे फसवणुकीचं जुनं ४२० कलम लावायचं का नव्या न्याय संहितेचं ३१८ यावर चर्चा झाली. आम्ही सगळ्यांच्या एकसारख्या क्यूआरच्या प्रिंट आणि आयोजकांचा मेल समोर ठेवल्यावर तक्रार लिहून घेतली. हो, आयोजकांना आम्ही सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा पाठवून लेखी विचारलं होतं, त्यांनी नोंदणी नसल्याचं लेखी कळवलं, तो मेल आमच्या फाईलमधला सगळ्यात वजनदार कागद आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पण गेलोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील पाहिजेच असंही नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. ज्या एकाने पहिला हप्ता क्रेडिट कार्डवर पेमेंट लिंकने भरला होता त्याला बँकेकडे डिस्प्यूट टाकून तेवढे पैसे परत मिळाले, बाकी यूपीआय आणि एनईएफटीवाले सगळे अजून ताटकळत आहेत. म्हणून पॅकेज घ्यायचंच असेल तर कार्डावर भरा, दोन टक्के जास्त लागले तरी चालतील.

मला कुणाला परदेशात पळायला जाऊ नका असं अजिबात सांगायचं नाहीये. जावंच. ऑफिशियल ऑपरेटरचं पॅकेज महाग असतं पण एन्ट्री खरी असते. त्या त्या रेसच्या वेबसाइटवर ऑपरेटरची यादी मिळते, त्या यादीत नाव नसेल तर तो माणूस कितीही मोठा रनर असो, पार्टनर नाही. "आम्ही त्यांचे सब-एजंट आहोत" म्हणाला तर यादीतल्या मूळ कंपनीला स्वतः मेल करून विचारा, त्याने दिलेल्या आयडीवर नाही, वेबसाइटवरच्या आयडीवर.

हे आत्ता लिहायचं कारण असं की तोच माणूस आता वेगळ्या नावाच्या ग्रुपमधून टोकियो आणि सिडनीचे स्लॉट विकतोय. मेसेजमधली भाषा तीच, फोटोही तेच जुने, त्यात आमच्या शेकआउट रनचा एक फोटोसुद्धा वापरलाय. तुम्ही कुणालाही असे पैसे दिले असतील तर आजच त्या रेसच्या आयोजकांना तुमचं पासपोर्टवरचं नाव आणि जन्मतारीख टाकून मेल करा आणि विचारा की माझी एन्ट्री आहे का. नाही असं उत्तर आलं तर पुढचा हप्ता थांबवा, त्याच दिवशी १९३० ला फोन करा आणि त्याच्याशी झालेलं सगळं चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, कारण आमच्या ग्रुपमधले मेसेज त्याने बर्लिनच्या सोमवारी डिलीट केले होते आणि ज्यांनी स्क्रीनशॉट काढून ठेवले होते त्यांच्याच जोरावर आमची तक्रार उभी राहिली.